वाढत्या डुकरांचे खाद्य आखताना पाचकरसांचा हिशेब

वीस-पंचवीस किलोची, दूध सुटलेली पिल्ले विकत आणून ती साठ किलोपर्यंत वाढवण्याचा ज्यांचा हा पहिलाच प्रयत्न आहे, त्यांचे बहुतेक प्रश्न खाद्याच्या भावाशी आणि पोत्यावर छापलेल्या प्रथिनांच्या टक्केवारीशी निगडित असतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु ती टक्केवारी आणि डुकराच्या अंगी प्रत्यक्ष लागणारे अन्न यांच्यामध्ये एक टप्पा असतो आणि त्याकडे नवा पालक क्वचितच पाहतो. खाद्य पोटात गेल्यावर ते पचवण्यासाठी डुकराचे शरीर स्वतःजवळचे पाणी, क्षार, आम्ल, पित्त आणि प्रथिनांपासून बनलेली एन्झाइमे आतड्यात ओतते. म्हणजे खाद्यातून काही हाती येण्याआधी जनावराला पदरचे काही खर्चावे लागते, आणि हा खर्च किती होईल हे बऱ्याच अंशी खाद्य कशाचे केले आहे यावर ठरते.

पुढील पायऱ्या गोवा आणि कोकण पट्ट्यात सहज मिळणाऱ्या खाद्यवस्तू डोळ्यांपुढे ठेवून, लार्ज व्हाइट यॉर्कशायर रक्ताच्या संकरित डुकरांसाठी लिहिल्या आहेत. आगोंद गोवन ही गोव्याची नोंदणीकृत स्थानिक जात अंगाने लहान आणि वाढीला मंद असल्याने येथील आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत. मात्र पचनाची रीत तिच्यातही तीच असते.

पहिली पायरी: कोणता रस कुठून येतो हे समजून घ्या

डुकराच्या लाळेत पिष्टमय पदार्थ फोडणारे अमायलेज हे एन्झाइम असते, पण डुकराला घास फार वेळ चघळण्याची सवय नसल्यामुळे लाळेचे खरे काम घास ओला करून तो खाली उतरवण्याचेच राहते. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन स्रवते. पेप्सिनला तीव्र आम्लता लागते. आम्ल कमी पडले की ते असूनही नसल्यासारखे होते. डुकराच्या जठराविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अन्ननलिका जिथे जठरात उघडते, तेवढ्या भागात ग्रंथी नसतात आणि म्हणून बुळबुळीत म्यूकसचे संरक्षक अस्तरही नसते. दळणाविषयी बोलताना या उघड्या भागाचा उल्लेख पुन्हा येईल.

जठरातून अन्न लहान आतड्यात उतरले की सुरुवातीलाच पित्तनलिका आणि तिच्या काही सेंटिमीटर पुढे स्वादुपिंडाची नलिका उघडते. स्वादुपिंडाच्या रसात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे जठरातून आलेले आम्ल शमवणारा बायकार्बोनेटयुक्त पाणीदार भाग, आणि दुसरी म्हणजे एन्झाइमे: पिष्टासाठी अमायलेज, चरबीसाठी लायपेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि त्यांची भावंडे. शेवटचे काम आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइमे करतात. लॅक्टेज दुधातली साखर फोडते, तर माल्टेज आणि सुक्रेज धान्यातून व गुळातून आलेल्या साखरा फोडतात.

हे सारे किती असते? चाळीस-पन्नास किलोच्या डुकराच्या जठरातून दिवसाला साधारण ४ ते ८ लिटर, स्वादुपिंडातून १ ते २ लिटर किंवा त्याहूनही अधिक, आणि यकृतातून १ ते २ लिटर पित्त असा स्राव होतो. यातले बहुतेक पाणी आणि क्षार पुढे आतड्यातच परत शोषले जातात, आणि रसांतून आलेल्या प्रथिनांपैकीही सुमारे ७० ते ८० टक्के पचून परत मिळतात. उरलेले मोठ्या आतड्यात जाते आणि ते प्रथिन म्हणून जनावराच्या उपयोगी पडत नाही. साध्या, कमी चोथ्याच्या खाद्यावरही हे नुकसान दर किलो कोरड्या खाद्यामागे सुमारे १० ते १३ ग्रॅम प्रथिन इतके असते. दिवसाला दीड किलो कोरडे खाद्य खाणारे डुक्कर अशा रीतीने रोज १५ ते २० ग्रॅम प्रथिन घालवून बसते, आणि खाद्य अडचणीचे असेल तर हा आकडा चढत जातो. पालकाच्या हाती जे काही आहे ते याच चढावावर आहे.

रस सोडण्याची आज्ञा कोण देते, हेही थोडक्यात पाहावे. रशियन शास्त्रज्ञ इवान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत पाव, मांस आणि दूध यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रमाणात आणि ताकदीचा रस येतो असे दाखवले. पचनावरील कार्यासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी सिक्रेटिन हे संप्रेरक शोधले. जठरातले आम्ल लहान आतड्यात उतरले की सिक्रेटिन रक्तात मिसळते आणि स्वादुपिंडाला पाणीदार बायकार्बोनेट सोडायला लावते. अर्धवट पचलेली प्रथिने आणि चरबी समोर आली की कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक एन्झाइमे आणि पित्त मागवते. म्हणजे खाद्य स्वतःच आपल्याला हवा तो रस मागवून घेते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

दुसरी पायरी: आणलेल्या पिल्लाचे वय आणि मागचे खाद्य विचारा

दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असते आणि माल्टेज व सुक्रेज अगदी कमी असतात. जठरातले आम्लही थोडेच असते. दुधातल्या साखरेपासून जिवाणू जे लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यावरच पिल्लाची आम्लता बरीचशी टिकून राहते. दूध तुटले की हा आधार एका दिवसात नाहीसा होतो, पिल्लू एक-दोन दिवस नीट खात नाही, आतड्याच्या भिंतीवरचे शोषणाचे सूक्ष्म अंकुर तीन ते पाच दिवसांत आखूड होतात आणि स्वादुपिंडातील एन्झाइमांची क्षमताही आठवडाभर, कधी त्याहून जास्त काळ खालावते. या काळात दिलेले उत्तम खाद्यही न पचता पुढे सरकते आणि हगवण लागते.

आपल्याकडे पिल्ले बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी आईपासून वेगळी केली जातात, त्यामुळे वीस किलोचे पिल्लू या संकटातून बहुतेक बाहेर आलेले असते. तरीही विकणाऱ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: दूध तुटून किती दिवस झाले, आणि आजवर ते काय खात होते. शक्य असेल तर त्याच खाद्याचे आठवडाभर पुरेल इतके पोते बरोबर आणावे. घासाघीस करून पिल्लामागे शंभर रुपये कमी करून घेण्यापेक्षा हे पोते मागून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

तिसरी पायरी: खाद्य बदलायचे असेल तर दहा दिवस राखून ठेवा

डुकराचे स्वादुपिंड समोर येणाऱ्या खाद्यानुसार आपल्या रसाची घडण बदलते. पिष्ट वाढले की अमायलेज वाढते, चरबी वाढली की लायपेज वाढते, आणि प्रथिने वाढली की कायमोट्रिप्सिनसारखी प्रथिने तोडणारी एन्झाइमे वाढतात. फ्रान्समधील जुई-आँ-जोसास येथील कृषी संशोधन केंद्रात गेल्या शतकाच्या सत्तरीत डुकरांवर झालेल्या कामातून ही जुळवणूक स्पष्ट झाली. पालकाने त्यातली ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की जुळवणूक पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होत असली तरी ती पूर्ण व्हायला पाच ते सात दिवस लागतात. तोपर्यंत जनावर कालच्या खाद्यासाठी घडलेल्या रसाने आजचे खाद्य पचवत असते.

म्हणून मक्याच्या भरड्यावरून तेलकट राईस पॉलिशवर (तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या बारीक कोंड्यावर), किंवा विकतच्या तयार खाद्यावरून घरच्या मिश्रणावर जाताना पहिले तीन दिवस नव्या खाद्याचा वाटा एक चतुर्थांश ठेवावा, चौथ्या ते सहाव्या दिवशी अर्धा, सातव्या ते नवव्या दिवशी तीन चतुर्थांश, आणि दहाव्या दिवसापासून नवे खाद्य पूर्ण द्यावे. मधल्या कोणत्याही टप्प्यावर विष्ठा पातळ झाली तर मागच्या टप्प्यावर जाऊन दोन दिवस थांबावे. जुने खाद्य संपत आले की नव्याची खरेदी करण्याची सवय येथे मारक ठरते. जुने किमान दहा दिवसांचे शिल्लक असतानाच नवे आणले पाहिजे.

हॉटेलांतून येणाऱ्या खरकट्यावर डुकरे पाळण्याची पद्धत गोव्यात आणि शहरांच्या आसपास बरीच आहे, आणि तिची मोठी अडचण याच ठिकाणी आहे. आज भात आणि पाव, उद्या तळलेल्या मासळीचे उरलेसुरले, परवा तुपकट बिर्याणी, असे रोज वेगळे अन्न आले तर स्वादुपिंडाला कोणत्याच घडणीवर स्थिर होता येत नाही. खरकटे वापरायचेच असेल तर दोन-तीन ठिकाणांचे एकत्र मिसळून त्याला सरासरी रूप द्यावे, वर तरंगणारे तेल काढून टाकावे आणि रोजच्या आहाराचा अर्धा भाग तरी ठरावीक मिश्रणाचा असावा. खरकटे सतत ढवळत किमान अर्धा तास उकळणे हा मात्र पचनाचा नव्हे तर रोगाचा प्रश्न आहे: २०२० मध्ये आसाममध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा भारतात प्रवेश झाला, आणि या रोगाचे विषाणू डुकराच्या मांसाचे अंश असलेल्या खरकट्यातून पसरतात. उकळण्याची सोय नसेल तर खरकटे घेऊ नये.

खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. बादलीचा आवाज ऐकूनच डुकरे गोंगाट करू लागतात तेव्हा त्यांच्या तोंडात आणि जठरात रस सुटायला सुरुवात झालेली असते.

चौथी पायरी: सोयाबीन कच्चे नाही ना, याची खात्री करा

सोयाबीन पिकवणाऱ्या भागात घरचे किंवा शेजाऱ्याचे सोयाबीन भरडून थेट डुकरांना घालण्याचा मोह होतो, आणि हिशेबाच्या वहीत तो फायद्याचाही दिसतो. प्रत्यक्षात कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. ती दुहेरी नुकसान करतात. एकीकडे खाद्यातली प्रथिने न पचता पुढे जातात. दुसरीकडे, आतड्यात मोकळे ट्रिप्सिन उरलेले नाही असे दिसताच शरीर कोलेसिस्टोकायनिनच्या मार्गाने स्वादुपिंडाकडे आणखी एन्झाइमांची मागणी करते. ही एन्झाइमे स्वतः प्रथिनेच असतात आणि त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक) भरपूर असतात, नेमकी तीच जी सोयाबीनमध्ये मुळात कमी आहेत. रोधकाला चिकटलेले एन्झाइम पचून परत मिळत नाही. ते विष्ठेवाटे निघून जाते. त्यामुळे कच्च्या सोयाबीनवरचे डुक्कर प्रथिनांनी भरलेल्या गव्हाणीसमोर उभे राहूनही खुरटत जाते.

सुदैवाने हे रोधक उष्णतेने, विशेषतः ओल्या उष्णतेने, नष्ट होतात. तेल काढलेली सोयाबीन पेंड कारखान्यात वाफेवर भाजलेली असते आणि सामान्यतः ती सुरक्षित असते. घरचे सोयाबीन वापरायचे झाल्यास ते रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात उकळी आल्यापासून निदान अर्धा तास शिजवावे आणि त्याच दिवशी वापरावे किंवा उन्हात कडकडीत वाळवावे. कढईत कोरडे भाजताना वरचे दाणे करपतात आणि आतले कच्चे राहतात. करपणेही निरुपद्रवी नाही, कारण जास्त उष्णतेने लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधले जाते आणि मग कोणत्याच रसाला ते सोडवता येत नाही.

पेंड कच्ची राहिली आहे का, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे एन्झाइम असते आणि ते साधारण ट्रिप्सिनरोधकाइतक्याच उष्णतेने मरते. म्हणून युरिएज जिवंत असेल तर रोधकही जिवंत असणार असे समजता येते. बारीक केलेल्या पेंडीचे चार-पाच चमचे घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत घ्यावेत, त्यात चमचाभर शेतीचा युरिया आणि पेंड भिजेल इतके कोमट पाणी घालून हलवावे आणि वीस मिनिटांनी झाकण उघडून अंतरावरूनच वास घ्यावा. अमोनियाचा झणझणीत वास आला तर पेंड कच्ची आहे. वास न आल्यास ती पुरेशी तापवलेली आहे एवढेच सिद्ध होते. ती जास्त करपली आहे की नाही, हे या चाचणीतून कळत नाही आणि त्यासाठी रंगावर भिस्त ठेवावी लागते. चांगली पेंड फिकट सोनेरी असते, तपकिरी नसते. चाचणीचे मिश्रण जनावरांच्या हाती लागणार नाही अशा जागी पुरून टाकावे आणि बाटली पुन्हा कशालाही वापरू नये.

भुईमुगाच्या पेंडीत रोधकाची अडचण कमी असते, पण कोकणातल्या दमट हवेत तिला बुरशी लवकर धरते आणि बुरशीचे विष यकृतालाच, म्हणजे पित्ताच्या कारखान्यालाच, इजा करते. कुबट वासाची पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी परत करावी.

पाचवी पायरी: कोंडा आणि चोथा किती घालायचा ते ठरवा

नवख्या पालकाची सर्वांत मोठी बचत याच वस्तूंवर होते आणि सर्वांत मोठे नुकसानही. भाताचा कोंडा, गव्हाचा कोंडा, खोबऱ्याची पेंड, बिअर कारखान्यातला ओला चोथा आणि मार्च ते मे या काळात काजूच्या बोंडूंचा रस काढल्यावर भट्टीबाहेर साचणारा चोथा, हे सारे तंतुमय पदार्थ आहेत. डुकराच्या शरीरात सेल्युलोज फोडणारे एन्झाइम तयार होत नाही. तंतू लहान आतड्यातून तसेच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात. त्यातून थोडी ऊर्जा मिळते, पण ती पिष्टातून मिळणाऱ्या ऊर्जेइतकी कामाची नसते.

तंतूंचा रसांवर होणारा परिणाम इतर सर्व घटकांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. पिष्ट किंवा प्रथिन वाढले की रसातली एन्झाइमे बदलतात, रसाचे आकारमान फारसे बदलत नाही. तंतू वाढले की नेमके उलट घडते. शुद्ध पिष्ट आणि दुधाचे प्रथिन यांवर ठेवलेल्या डुकरांच्या तुलनेत बार्ली आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यावरील डुकरांत जठररस आणि स्वादुपिंडरस जवळजवळ दुप्पट स्रवल्याचे आढळले आहे, पण दिवसभरात स्रवलेली एकूण एन्झाइमे जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे तंतू रसाचे पाणी आणि क्षार वाढवतात, पचवण्याची शक्ती वाढवत नाहीत. कोंडा जास्त झालेल्या डुकरांना पाणी जास्त का लागते, याचे एक कारण येथे सापडते. दर किलो खाद्यामागे दोन ते तीन लिटर पाणी ही सामान्य गरज मानली जाते; उन्हाळ्यात आणि कोंड्याच्या खाद्यावर हौदात पाणी सतत हवे.

त्याहून महाग पडणारा खर्च म्यूकसचा आहे. खरबरीत तंतू आतड्याच्या भिंतीवर घासत जातात आणि भिंत स्वतःला वाचवण्यासाठी अधिक म्यूकस सोडते. म्यूकसमधील प्रथिनात थ्रिओनिन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात असते, आणि हे प्रथिन पचनाला इतके चिवट असते की त्यातले बरेचसे थ्रिओनिन परत मिळत नाही. त्यामुळे कोंडा वाढवला की थ्रिओनिनची गरज वाढते, जरी पोत्यावरच्या प्रथिनाच्या आकड्यात काहीच उणे दिसत नसले तरी. एरवी थ्रिओनिन लायसिनच्या साधारण ६० ते ६५ टक्के असावे असे धरतात. तंतुमय खाद्यात ते या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा किंचित पुढेच ठेवावे. खनिज मिश्रणाच्या दुकानात लायसिन आणि थ्रिओनिन दोन्ही पावडर स्वरूपात मिळतात. केवळ लायसिन घालून थांबणे ही नेहमीची चूक आहे.

प्रमाणाविषयी माझा सल्ला जपून पावले टाकणाऱ्याचा आहे. पंचवीस किलोच्या पिल्लाला सर्व प्रकारचा कोंडा मिळून दहा-पंधरा टक्क्यांवर नेऊ नये, चाळीस किलोनंतर वीस ते पंचवीस टक्के चालतो. खोबऱ्याच्या पेंडीत लायसिन कमी आणि न पचणाऱ्या मॅनन शर्करा जास्त असल्याने ती दहा टक्क्यांच्या आत बरी. राईस पॉलिश ताजेच घ्यावे. कोंड्यात स्वतःचे चरबी फोडणारे एन्झाइम असते आणि गिरणीतून निघाल्यापासून काही दिवसांतच ते तेल खवट करते. बिअरच्या ओल्या चोथ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, त्यामुळे चार किलो चोथा दिला तरी कोरडे खाद्य जेमतेम किलोभरच पोटात जाते. पोट भरते आणि वजन मात्र वाढत नाही. हा चोथा उष्ण हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही.

बोंडूच्या चोथ्याबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण हंगामात तो फुकट मिळतो आणि डुकरे तो आवडीने खातात. त्यात टॅनिन असते, ज्यामुळे बोंडू खाताना आपला घसा धरतो. टॅनिन प्रथिनांना चिकटते. खाद्यातल्या प्रथिनांना, तसेच पाचकरसांतल्या एन्झाइमांना आणि म्यूकसलाही. शिवाय ओला चोथा काही तासांतच आंबून त्यात मद्यार्क तयार होतो. तो पातळ पसरून उन्हात वाळवावा, भरडावा, आणि एकूण खाद्याच्या पाच टक्क्यांपासून सुरुवात करून दहा टक्क्यांवर थांबावे. फक्त बोंडूवर सोडलेली डुकरे हंगामभर मजेत दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाशी काटा मात्र वेगळे सांगतो.

सहावी पायरी: जठरातले आम्ल वाया घालवू नका

हाडांसाठी कॅल्शियम हवे म्हणून चुनखडीची पावडर सढळ हाताने घालण्याची पद्धत आहे. चुनखडी हा आम्ल शमवणारा पदार्थ आहे. जठरात आल्यावर ती हायड्रोक्लोरिक आम्ल खाऊन टाकते, पेप्सिन मंदावते आणि आम्लाने मरायला हवे होते ते जंतू जिवंतपणे आतड्यात पोहोचतात. पंचवीस ते पन्नास किलोच्या डुकराला खाद्यात एकूण कॅल्शियम ०.७ टक्क्याच्या आसपास पुरते, आणि त्यातला काही भाग खनिज मिश्रणातूनच येतो. म्हणून मिश्रणाच्या पाकिटावरचा आकडा पाहिल्याशिवाय वेगळी चुनखडी टाकू नये. नुकत्याच दूध सुटलेल्या पिल्लांच्या खाद्यात सायट्रिक किंवा फ्युमरिक आम्ल एक-दीड टक्का घातल्याने लाभ होतो, कारण त्यांचे स्वतःचे आम्ल अपुरे असते. तीस किलोपुढच्या जनावरावर हा खर्च करण्याची मला गरज वाटत नाही.

दळणाचा प्रश्नही जठराशीच जोडलेला आहे. दाणा जितका बारीक तितका तो एन्झाइमांना लवकर सापडतो, हे खरे. अख्खा किंवा ओबडधोबड भरडलेला मका विष्ठेत दिसतो तेव्हा तो पैसाच वाहून चाललेला असतो. पण अगदी पिठासारखे दळल्यास जठरातला लगदा पातळ होतो, वर-खाली सहज मिसळतो आणि तळातले तीव्र आम्ल वरच्या त्या असुरक्षित भागापर्यंत पोहोचून तिथे व्रण पडतो. वाढत्या डुकरांसाठी सरासरी ६०० ते ७०० मायक्रॉनचा कण योग्य मानतात. घरगुती भाषेत सांगायचे तर भरडा उपम्याच्या जाड रव्यासारखा लागला पाहिजे. गिरणीवाल्याला नमुन्याचा रवा पुडीत बांधून दाखवावा, म्हणजे मायक्रॉन समजावून सांगण्याची वेळ येत नाही. एखादे जनावर अचानक फिकट पडले आणि त्याची विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर जठरातून रक्तस्राव होत असल्याची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे.

सातवी पायरी: तेल आणि विकतची एन्झाइमे

तेलाच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. पित्त चरबीचे बारीक थेंब करते, लायपेज ते फोडते, आणि पित्तातली आम्ले लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जाऊन यकृताकडे पुन्हा वापरासाठी जातात. पंचवीस किलोपुढच्या डुकराची ही यंत्रणा चांगली चालते. खाद्यात वेगळे घातलेले तेल तीन ते पाच टक्क्यांपर्यंत ते सहज पचवते, फक्त लायपेज वाढायला वर सांगितलेला आठवडा द्यावा लागतो. तळणीचे वारंवार तापवलेले काळे तेल वापरू नये.

विकतच्या एन्झाइमांत मात्र निवड करावी लागते. धान्य आणि पेंडीतल्या फॉस्फरसचा साधारण दोन तृतीयांश भाग फायटेट या रूपात अडकलेला असतो आणि डुकराच्या रसांत तो सोडवणारे फायटेज नगण्य असते. म्हणून फायटेज हे जनावराजवळ नसलेली वस्तू पुरवते आणि दर किलो खाद्यामागे ५०० एकक या नेहमीच्या मात्रेत ते आपली किंमत वसूल करते. झायलनेजसारखी तंतू फोडणारी एन्झाइमे गव्हाच्या कोंड्याच्या खाद्यात उपयोगी पडतात, मका आणि सोया पेंडीच्या साध्या मिश्रणात त्यांचा लाभ कमी दिसतो. अमायलेज, लायपेज, प्रोटिएज अशी सर्वांची भेळ असलेली पाकिटे निरोगी, चाळीस किलोच्या डुकरासाठी घेण्यापूर्वी विचार करावा. ती एन्झाइमे त्याचे स्वादुपिंड रोज स्वतःच बनवत असते.

आठवी पायरी: विष्ठा, काटा आणि वही

रस डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचे काम दिसते ते विष्ठेत आणि वजनात. रोज सकाळी झाडलोट करण्याआधी प्रत्येक कप्प्यातील विष्ठा पाहावी. घट्टसर पण सहज मोडणारी विष्ठा ठीक असते. दाणे दिसत असतील तर दळण तपासावे, करडी आणि तेलकट चमक असेल तर चरबी पचत नाही असे समजावे, फेसाळ आणि आंबूस असेल तर पिष्ट न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबत आहे असे मानावे. पातळपणासोबत ताप, रक्त किंवा खाणे बंद झाल्याची लक्षणे असतील तर तो खाद्याचा प्रश्न राहत नाही.

वजन दर पंधरा दिवसांनी, सकाळचे खाद्य देण्यापूर्वी, त्याच वेळी करावे. वहीत तारीख, वजन, त्या पंधरवड्यात कप्प्यात घातलेले एकूण खाद्य आणि मिश्रणातला प्रत्येक बदल लिहावा, आणि किलोभर वाढीसाठी किती किलो खाद्य लागले हे काढावे. नवे मिश्रण चांगले की वाईट, हे पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून ठरवू नये, कारण त्या आठवड्यात स्वादुपिंड अजून जुन्या खाद्याच्या घडणीतून बाहेर येत असते. बदल पूर्ण झाल्याच्या दिवसापासून, म्हणजे दहाव्या दिवसानंतर, नवे वजन घेऊन मोजणी पुन्हा सुरू करावी, आणि एका वेळी मिश्रणातली एकच वस्तू बदलावी.